पुतण्या बेपत्ता असतानाचे दहा दिवस

14 सप्टेंबर 2024 रोजी, शनिवारी दुपारी, महालक्ष्म्यांचे मुखवटे पुसून पेटीत ठेवण्याचे काम आमच्या घरी चालू असताना माझ्या धाकट्या भावाला पुण्याहून एका अनोळखी मुलाचा फोन आला. आमचा मुलगा गावी पोहोचला आहे का, एवढेच त्याने विचारले. भावाने नाही म्हटल्यावर पलीकडचा मुलगा काही वेळ बोलेना आणि मग म्हणाला की तो गुरुवारी पहाटेपासून खोलीवर आलेला नाही, फोन बंद आहे, आणि आम्हाला वाटले की सणाला घरी गेला असेल. आमच्या मुलाने मात्र महालक्ष्म्यांच्या जेवणाला यायला जमणार नाही, सबमिशन आहे, असे आईला स्वतः कळवले होते. म्हणजे खोलीवरची मुले समजत होती की तो घरी आहे आणि आम्ही समजत होतो की तो खोलीवर आहे, आणि या दोन समजुतींच्या मध्ये अडीच दिवस निघून गेले होते.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत लिपिक आहे. आवक-जावक, हजेरीपट, जनरल रजिस्टर यांतच माझी नोकरी गेली. कागद कसा चालतो हे मला माहीत आहे, असे मी समजत होतो. पुढच्या दहा दिवसांत जे पाहिले ते लिहून ठेवावे असे वाटण्याचे कारण एवढेच, की मूल बाहेरगावी शिकायला ठेवलेली आमच्यासारखी घरे पुष्कळ आहेत आणि अशा वेळी पहिल्या दिवशी काय करावे हे त्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते.

त्या संध्याकाळी आम्ही प्रथम तालुक्याच्या पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या अंमलदारांनी शांतपणे ऐकून घेतले आणि तो जिथून गेला तिथल्या ठाण्यात तक्रार द्या असे सांगितले. त्यांचे सांगणे चुकीचे नव्हते, कारण शोध तिथूनच सुरू व्हायचा होता. पण ‘तुम्ही निघा, मी तिकडे फोन करून ठेवतो’ एवढे वाक्य त्यांनी म्हटले असते तर आमची एक रात्र वाचली असती. 112 क्रमांकावर फोन करून तिथूनच पुण्याच्या पोलिसांना कळवता येते हे मला तेव्हा सुचले नाही. नव्या फौजदारी कायद्यानुसार कोणत्याही ठाण्यात हद्दीचा प्रश्न न काढता गुन्हा नोंदवता येतो हे मी वर्तमानपत्रात वाचले होते आणि तेही त्यांना बोलून दाखवले. त्यावर त्यांनी समजावले की ती सोय गुन्ह्याच्या खबरीसाठी आहे, आणि प्रौढ माणूस निघून जाणे हा गुन्हा नाही. हा फरक मला त्या क्षणी फार कोरडा वाटला. पुढे मात्र सगळे प्रकरण याच फरकाभोवती फिरत राहिले.

रात्रीच्या गाडीने भाऊ आणि मी पुण्याला आलो. भावजय घरीच राहिली, कारण मुलगा अचानक दारात येऊन उभा राहिला तर घराला कुलूप नको.

रविवारी सकाळी आम्ही त्याच्या खोलीवर गेलो, आणि पहिला धक्का तिथे बसला. आमच्या समजुतीप्रमाणे तो महाविद्यालयाच्या वसतिगृहात राहत होता. प्रत्यक्षात जुलैपासून तो एका खासगी इमारतीत कॉट बेसिसवर राहत होता. एका खोलीत चार कॉट, चार लोखंडी कपाटे आणि खिडकीला दोरी बांधून वाळत घातलेले कपडे. त्याच्या कॉटखाली त्याची पत्र्याची पेटी होती, पुस्तके होती, बूट होते. पाठीवरची काळी सॅक आणि चप्पल नव्हती. उशाखाली मेसचे कार्ड होते, आणि त्यावर 9 तारखेपासून एकही खूण नव्हती. म्हणजे निघून जाण्याच्या आधी तीन दिवस तो मेसमध्ये जेवलेला नव्हता. ते कार्ड भावाने हातात घेतले आणि कॉटवर बसून राहिला.

इमारतीचे मालक आम्हाला भेटायला तयार नव्हते. त्यांनी भाडेकरूंची माहिती पोलिसांकडे दिलेली नव्हती, आणि पोलीस आले की ते उघड होईल ही त्यांची भीती होती, हे नंतर समजले. खोलीतल्या मुलांनी शुक्रवारीच त्यांना सांगितले होते. ‘दोन दिवस थांबा, येईल’ असे उत्तर त्यांना मिळाले होते. ज्या मुलाने आम्हाला फोन केला त्याने तो मालकांना न विचारता केला, आणि आमचा नंबर त्याने एका जुन्या कुरियरच्या पावतीवरून शोधला. या एकोणीस वर्षांच्या पोराचे उपकार आम्ही विसरणार नाही.

पोलीस ठाण्यात आम्ही सकाळी अकराला पोहोचलो आणि मिसिंगची, म्हणजे बेपत्ता असल्याची, तक्रार दाखल झाली तेव्हा चार वाजून गेले होते. गणेशोत्सवाचा नववा दिवस होता. दोन दिवसांवर विसर्जन आलेले, निम्म्याहून अधिक माणसे बंदोबस्ताला गेलेली, आवारात लोखंडी बॅरिकेड उतरवणे चालू होते. हे सगळे दिसत असल्यामुळे वाट पाहण्याचा आम्हाला राग आला नाही. त्रास झाला तो प्रश्नांचा. ठाणे अंमलदारांनी पहिला प्रश्न विचारला तो ‘का गेला?’ घरी भांडण झाले का, कोणा मुलीचे काही आहे का, उधारी होती का, मोबाइलवर जुगार खेळत होता का. भाऊ प्रत्येकाला ‘नाही’ म्हणत होता, आणि प्रत्येक नकारासरशी आम्ही काहीतरी लपवत आहोत असा त्यांचा समज वाढत असावा असे त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत होते. मग ते म्हणाले, ‘चोवीस तास वाट बघा, शंभरातली नव्वद पोरे आपणहून परत येतात.’ मी म्हणालो की साहेब, बहात्तर तास होऊन गेले. तेव्हा त्यांनी वर पाहिले.

चोवीस तास थांबण्याचा असा कोणताही नियम नाही. माणूस बेपत्ता असल्याचे लक्षात आल्याबरोबर तक्रार देता येते आणि ती घेतली गेली पाहिजे. वय मात्र फार मोठा फरक करते. अठरा पूर्ण नसलेले मूल हरवल्याची प्रत्येक तक्रार गुन्हा म्हणून नोंदवून तपास करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 10 मे 2013 रोजी बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेत सांगितले आहे, आणि त्यामुळे अल्पवयीनाच्या बाबतीत अपहरणाचा गुन्हा दाखल होतो. अठरा ओलांडले की तीच घटना ‘मनुष्य मिसिंग’ होते. तिची स्वतंत्र नोंदवही असते, तिला क्रमांक मिळतो, पण ती गुन्ह्याची खबर नसते आणि त्यामुळे तिच्यामागे गुन्ह्याइतका जोर नसतो. आमचा मुलगा एकोणीस वर्षे चार महिन्यांचा होता. ‘सोळा महिन्यांपूर्वी गेला असता तर आत्ता मला गुन्हाच घ्यावा लागला असता’, असे अंमलदार स्वतःच म्हणाले. त्यांच्या आवाजात उद्धटपणा नव्हता; ते मला त्यांची अडचण सांगत होते.

चारच्या सुमारास एक महिला हवालदार बंदोबस्ताहून परत आल्या आणि तक्रार त्यांच्याकडे दिली गेली. त्यांनी पाणी प्यायले, खुर्ची ओढली आणि भावाला विचारले, ‘पायात काय होते?’ सकाळपासून विचारलेल्या प्रश्नांपैकी हा पहिला प्रश्न असा होता की ज्याचे उत्तर आमच्याकडे होते आणि ज्याचा त्याला शोधण्याशी संबंध होता. चप्पल, निळ्या पट्ट्याची, डाव्या चपलेचा अंगठा शिवलेला. मग उंची, बांधा, रंग, केस कसे विंचरतो, दाढी आहे का, अंगावर खूण कुठे, कोणत्या भाषा बोलतो, हिंदी बोलताना गावाकडचे समजते का, कोणते औषध चालू आहे का, खिशात अंदाजे किती पैसे असतील, लहानपणी कधी रुसून गेला होता का आणि तेव्हा कुठे सापडला होता. एकेक उत्तर त्या छापील नमुन्यात लिहीत होत्या आणि जे रकान्यात बसत नव्हते ते समासात. डाव्या भुवईवरच्या टाक्यांच्या खुणेची लांबी भावाने बोटांनी दाखवली तेव्हा त्यांनी मोजपट्टी आणून ती मोजली. ‘का गेला’ हे त्यांनीही विचारले, पण सर्वांत शेवटी, आणि उत्तर न मिळाल्यावर तो रकाना रिकामा ठेवून पुढे गेल्या.

मिसिंगचा क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून मिळाला. त्याच रात्री बिनतारी संदेश सगळ्या ठाण्यांना गेला, माहिती आणि फोटो पोलिसांच्या संगणक प्रणालीवर चढला, आणि लोहमार्ग पोलिसांनाही कळवले गेले. अशा प्रसंगी जो कोणी असेल त्याला मी हेच सांगेन की क्रमांक आणि तपास करणाऱ्या अंमलदाराचे नाव घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नये. क्रमांक नसेल तर रेल्वे पोलीस, बँक, मोबाइल कंपनी, महाविद्यालय यांपैकी कोणीही तुमच्याशी बोलत नाही. आणि क्रमांक असला की निदान कागद पुढे सरकतो.

सोमवारी आम्ही महाविद्यालयात गेलो. सणाच्या दिवसांमुळे कार्यालय अर्धवटच चालू होते. आधी फाटकावरच्या रखवालदाराने आत सोडले नाही, मग ओळखपत्राची प्रत मागितली, मग आम्ही तासभर एका बाकावर बसलो. शेवटी एका प्राध्यापकांनी संगणकावर नाव पाहिले आणि म्हणाले, ‘हा विद्यार्थी यंदा आमच्याकडे नाही.’ त्यानंतर जे समजले ते असे, की पहिल्या वर्षाचे इतके विषय राहिले होते की दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळत नव्हता. मुले याला ‘वायडी लागली’ असे म्हणतात, वर्ष वाया गेले असा त्याचा अर्थ. वायडी लागलेल्याला वसतिगृहात खोली मिळत नाही, म्हणून त्याने जुलैत खोली सोडली. दुसऱ्या वर्षाचे शुल्क म्हणून भावाने पाठवलेल्या पैशांतून तो कॉटचे भाडे आणि मेस भागवत होता. रोज सकाळी सॅक घेऊन बाहेर पडत होता आणि संध्याकाळी परत येत होता. हे खोलीतल्या मुलांनाही पूर्ण माहीत नव्हते.

भावाने फक्त विचारले की हे आम्हाला कोणी का सांगितले नाही. प्राध्यापकांनी फाइल उघडून दाखवली. गैरहजेरीचे चार संदेश, निकालाचा एक आणि वसतिगृह रिकामे करण्याचा एक, असे सहा संदेश पालकांच्या नोंदवलेल्या मोबाइलवर गेलेले होते. तो नंबर मी पाहिला आणि लगेच ओळखला. प्रवेशफेरीच्या वेळी आमच्या तालुक्यातल्या ज्या सायबर कॅफेत अर्ज भरला होता त्या कॅफेवाल्याचा तो नंबर होता. ओटीपी लवकर यावा म्हणून तो सगळ्यांच्याच अर्जावर स्वतःचा नंबर टाकत असे. अर्ज भरताना मी शेजारी बसलो होतो. दुसऱ्यांच्या मुलांचे दाखले तपासताना जन्मतारखेतला एक अंक चुकू न देणारा मी, माझ्या घरच्या मुलाच्या अर्जावर पालकाचा नंबर कोणाचा आहे हे वाचले नाही. याची खंत मला आजही आहे. पण मला हेही म्हणायचे आहे की वर्षभर त्या नंबरवरून एकदाही उत्तर आले नाही, पालकसभेला कोणी आले नाही, हमीपत्रावर भावाची सही आणि गावाचा पूर्ण पत्ता आहे, आणि तरीही वर्ष बुडालेल्या मुलाच्या घरी एक साधे पोस्टाचे पत्र पाठवावे असे त्या मोठ्या इमारतीत कोणालाही वाटले नाही.

प्रभारी प्राचार्य भेटले ते सौजन्याने भेटले. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या: मुलगा सज्ञान आहे, तो सध्या पटावर नाही, आणि घटना आवाराबाहेर घडली आहे. तिन्ही खऱ्या होत्या. मग त्यांनीही विचारले, ‘घरी काही झाले होते का?’ तेव्हा मला पहिल्यांदा उमगले की ‘का’ हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी आधी का येतो. कारण घरगुती निघाले तर जबाबदारी घराची, अभ्यासाचे निघाले तर महाविद्यालयाची, खोलीवरच्या त्रासाचे निघाले तर मालकाची, आणि कोणी फूस लावली असेल तर पोलिसांची. जो तो आधी हे ठरवू पाहत होता, आणि तोवर मुलगा कुठे आहे हे शोधणे मागे पडत होते.

मी प्राचार्यांना एकच विनंती केली, की फाटकावरच्या कॅमेऱ्याचे 10 ते 12 सप्टेंबरचे चित्रण जपून ठेवा. ते म्हणाले, पोलिसांचे पत्र आणा. ठाण्यात म्हणाले, महाविद्यालयाने अर्ज दिला तर बरे होईल. अशा वेळी माझी नोकरी उपयोगी पडली. मी तिथेच कोऱ्या कागदावर अर्ज लिहिला, त्यात मिसिंग क्रमांक घातला, चित्रण पुसले जाण्याची मुदत किती आहे हे लेखी कळवावे असे लिहिले, आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. शिक्का पडल्यानंतर अर्ध्या तासात एका शिपायाने येऊन सांगितले की चित्रण वेगळे काढून ठेवले आहे. तोंडी विनंतीला दोन तास उत्तर नव्हते. पुढे ते चित्रण पाहिले तेव्हा त्यात दिसले की 10 आणि 11 तारखेला सकाळी तो फाटकापर्यंत आला होता, रस्त्याच्या पलीकडे झाडाखाली बराच वेळ उभा राहिला होता, आणि परत गेला होता.

त्याच दिवशी दुपारी हवालदार ताईंनी मला एकट्याला बोलावले. भावाला चहाला पाठवा, म्हणाल्या. त्यांना मला अनोळखी मयतांचे फोटो दाखवायचे होते. गुरुवारपासून ससून रुग्णालयात आणि आसपासच्या हद्दीत आलेले, ज्यांची ओळख पटलेली नाही अशांचे. एकेक फोटो पुढे करण्याआधी त्या वय आणि अंगावरचे कपडे सांगत होत्या, म्हणजे जो नक्की नाही तो चेहरा मला पाहावा लागू नये. सहा होते, त्यांतला एकच तरुण होता. त्याच्या पायांचे वेगळे छायाचित्र होते आणि मी आधी चप्पल पाहिली, मग चेहरा. तो आमचा नव्हता. ज्याचा कोणाचा होता त्यांना कळले असेल की नाही, हा विचार त्या दिवसापासून मनातून गेलेला नाही.

मंगळवारी विसर्जन होते. मिरवणूक दुसऱ्या दिवशीही संपली नव्हती, रस्ते बंद होते, आणि दोन दिवस कोणतेच काम पुढे गेले नाही. लॉजच्या खोलीत ढोलांचा आवाज येत होता आणि भाऊ भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्या रात्री मला दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातला नजीब अहमद सारखा आठवत राहिला. तो 15 ऑक्टोबर 2016 रोजी वसतिगृहातून नाहीसा झाला, आदल्या रात्री तिथे मारहाण झाली होती, आणि त्याची आई फातिमा नफीस वर्षानुवर्षे दारोदार फिरली. आधी दिल्ली पोलीस, मग 2017 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआय, आणि 2018 मध्ये तपास बंद करण्याची परवानगी. तपास बंद करण्याचा तो अहवाल दिल्लीच्या न्यायालयाने 2025 च्या जूनअखेरीस स्वीकारला. मुलाचा पत्ता अजून लागलेला नाही. त्या प्रकरणाचे आणि आमच्या प्रकरणाचे स्वरूप अगदी वेगळे होते. पण पहिल्या काही दिवसांत जे हातून सुटते ते पुढे कितीही मोठ्या यंत्रणेला परत मिळवता येत नाही, ही भीती मला त्या रात्री त्या आईमुळे समजली.

गुरुवारी, 19 तारखेला, मोबाइलच्या नोंदी आल्या. त्यासाठीची विनंती ठाण्यातून पोलीस उपायुक्तांच्या कार्यालयामार्फत मोबाइल कंपनीकडे गेली होती. नातेवाइकांना असे वाटते की पोलिसांनी बटण दाबले की लोकेशन दिसते. फोन चालू असेल तर त्याचा अंदाज मिळतो. बंद असेल तर शेवटच्या टॉवरपलीकडे काही हाती लागत नाही. शेवटचा टॉवर दौंडचा होता, 12 तारखेच्या सकाळचा. भाऊ एकदम उठून उभा राहिला. पुण्याहून लातूरकडे येणारी गाडी दौंड, कुर्डुवाडीवरूनच जाते. म्हणजे तो घराकडेच निघाला होता, अशी त्याची खात्री झाली. तो त्याच दिवशी कुर्डुवाडीला गेला आणि फलाटावरच्या प्रत्येक चहावाल्याला फोटो दाखवत फिरला. पण दौंडहून दुसरा फाटा मनमाडकडे जातो, हे हवालदार ताईंनी माझ्या लक्षात आणून दिले, आणि विचारले की त्याचे बँक खाते कुठे आहे.

हा प्रश्न रविवारीच विचारला गेला असता तर चार दिवस वाचले असते, आणि तो आम्हालाही सुचला नाही. त्याचे खाते गावच्या शाखेत होते, शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी आईसोबत उघडलेले. पैसे काढल्याचे संदेश त्याच्याच बंद फोनवर जात होते, पण पासबुक घरी होते आणि खात्यावर भावजयीचे नाव होते. शुक्रवारी सकाळी शाखा उघडताच ती पासबुक घेऊन गेली. अकराच्या सुमारास तिने छापलेल्या पानाचा फोटो मला पाठवला. शेवटच्या दोन ओळी तेवढ्या नव्या होत्या. 11 तारखेला पाचशे रुपये, आणि 13 तारखेला तीनशे रुपये. दुसऱ्या ओळीत एटीएमच्या क्रमांकापुढे गावाचे नाव होते, पण रकाना संपल्यामुळे शेवटचे अक्षर कापले गेले होते आणि फक्त ‘मनमा’ एवढेच उमटले होते. शिल्लक 112 रुपये.

हवालदार ताईंनी माझ्यासमोरच मनमाडच्या ठाण्याला आणि तिथल्या लोहमार्ग पोलिसांना फोन केला, फोटो पाठवला, चपलेचे आणि भुवईवरच्या खुणेचे वर्णन सांगितले. त्या स्वतः येऊ शकत नव्हत्या, पण तिथे कोणाला भेटायचे त्यांचे नाव आणि नंबर लिहून दिला. भाऊ कुर्डुवाडीहून दौंडला आला, मी पुण्याहून तिथे गेलो, आणि रात्री आम्ही दोघे मनमाडला उतरलो. शनिवारी सकाळपासून तिथल्या एका पोलीस शिपायाबरोबर स्टेशनबाहेरच्या गाड्या, गुरुद्वाऱ्याचे लंगर, बसस्थानक अशी एकेक जागा पाहत होतो. गुरुद्वाऱ्यातल्या एका सेवेकऱ्याने फोटो ओळखला. दोन दिवस जेवायला येत होता, भांडी घासायला मदत करत होता, मग दिसला नाही, असे त्याने सांगितले. दुपारी चारच्या सुमारास मालेगाव रस्त्यावरच्या एका जेवणाच्या हॉटेलात, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, तो पोत्यावर बसून कांदे निवडत असताना सापडला. पायात तीच चप्पल होती. त्याने आधी मला पाहिले, मग माझ्या मागे पाहिले, आणि विचारले, ‘काका, आई आली आहे का?’

भाऊ काहीही बोलला नाही. त्याने मुलाच्या हातातला कांदा काढून घेतला आणि खाली ठेवला.

माणूस सापडला की तक्रार आपोआप मिटत नाही. त्याला मूळ ठाण्यात हजर करावे लागते, त्याचा जबाब होतो, ‘मिळून आला’ अशी नोंद पडते आणि सगळ्या ठाण्यांना गेलेला संदेश रद्द केला जातो. रविवारी पुण्यात हवालदार ताईंनी आम्हा दोघांना बाहेर बसायला सांगून त्याच्याशी एकट्याशी पाऊण तास बोलणे केले. तो सज्ञान आहे, घरी जायचे की नाही हे त्याने ठरवायचे, आणि घरातच कसला धाक असेल तर तो आमच्यासमोर बोलणार नाही, असे त्यांनी आम्हाला आधीच स्पष्ट सांगितले होते. बाहेर बाकावर बसून वाट पाहताना ते मला कठीण गेले, तरी तेच बरोबर होते. त्याने आमच्याबरोबर यायचे असे लिहून दिले. जबाबात ‘का’ याचे उत्तर दोनच वाक्यांत आहे: वर्ष गेल्याचे घरी कसे सांगावे हे कळत नव्हते, आणि महालक्ष्म्यांना घरी गेलो असतो तर सगळ्यांनी अभ्यासाचे विचारले असते.

मी ऑक्टोबरात महाविद्यालयाला एक सविस्तर अर्ज दिला. वर्ष बुडालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी नोंदणीकृत पत्र जावे, प्रवेशाच्या वेळी पालकाचा मोबाइल नंबर समोर फोन लावून तपासावा, आणि वसतिगृह सोडणाऱ्या मुलाने नवा पत्ता दिल्याशिवाय त्याची अनामत परत करू नये, एवढ्या तीनच मागण्या होत्या. समुपदेशन कक्षाच्या दारावर पाटी होती आणि कुलूप होते, हेही त्यात लिहिले. दोन महिन्यांनी उत्तर आले की पालकांचा नंबर अद्ययावत करण्यात आला आहे. बाकीच्यांविषयी काही नव्हते. पुढे 2025 च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी जे निर्देश दिले त्यांत शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 यासारखे मदत क्रमांक वसतिगृहात लावलेले असावेत, असे आहे. मी त्या बातमीचे कात्रण जोडून दुसरा अर्ज पाठवला आहे. त्याचा आवक क्रमांक माझ्याकडे आहे.

मुलाने राहिलेले विषय दोन परीक्षांत सोडवले आणि यंदा तो दुसऱ्या वर्षाला आहे. गैरहजेरीचे संदेश आता भावाच्या फोनवर येतात. ते इंग्रजीत असतात, म्हणून तो मला पुढे पाठवतो आणि मी वाचून सांगतो. परवा आलेल्या संदेशात एका तासाची गैरहजेरी होती. भावाने लगेच फोन लावला आणि ‘कुठे आहेस?’ एवढेच विचारले. तो दाताच्या दवाखान्यात नंबर लावून बसला होता.